कानाने लावलेली कॉइल

"अगं, काल रात्री आवाज आला का तुमच्याकडे? घूंऽऽ, घूंऽऽ असा?"

आला होता. मी म्हटलं, काकू, मला वाटलं तुमचा डिशवॉशर गेला.

"डिशवॉशर कुठला! काकांच्या कॉइली. जरा जवळ ये, त्या माणसाची काय फजिती झाली सांगते."

आमच्या कॅन्टनमध्ये (मिशिगनमधल्या, चीनमधल्या नव्हे) घरामागचं कुंपण कमरेएवढंच असतं, त्यामुळे गप्पा मारायला सोय उत्तम. शेजारचे काका जन्मभर मोटारींच्या वायरिंगचे आराखडे काढत होते. निवृत्त झाल्यावर माणूस गोल्फ खेळेल, तर यांनी 1924 सालची काळीकुट्ट फोर्ड मॉडेल टी घेतली. काकूंच्या भाषेत, 'सवत'. फोर्डने 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटी गाड्या काढल्या आणि पहिल्यावहिल्या तर इथे डेट्रॉइटमध्ये, पिकेट अव्हेन्यूवरच्या कारखान्यात बांधल्या. त्यामुळे या भागात कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजमध्ये ही सवत असतेच. काकांना खरं तर उजव्या स्टिअरिंगची हवी होती. आपल्याकडे मुंबईला वगैरे ज्या मॉडेल टी उतरत, त्या बहुतेक नदीपलीकडच्या, कॅनडातल्या कारखान्याच्या. तशी मिळाली नाही, हीच घेतली.

"काकू, पण फजिती कुणाची?"

"सांगते ना. आधी कॉइल म्हणजे काय ते ऐक, नाहीतर तुला मजा कळायची नाही."

आणि काकूंनी मला कुंपणावरून मोटारविद्या शिकवली. सगळी चहा देता देता ऐकून झालेली. या गाडीला चार सिलिंडर आणि प्रत्येकाला आपापली कॉइल. लाकडाची सुबक डबी, आत तारेची वेटोळी आणि एक कंडेन्सर, सगळ्यावर डांबर ओतलेलं. डोक्यावर पोलादी पत्री आणि दोन पॉइंट. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर 16 चुंबकं बसवलेली. ती फिरली की वीज तयार होते. वीज कॉइलमध्ये शिरली की मधला लोखंडी गाभा चुंबक बनतो आणि पत्रीला खाली ओढतो. पत्री ओढली की पॉइंट सुटतात, वीज तुटते, आणि तुटण्याच्या त्या क्षणी प्लगवर ठिणगी पडते. वीज गेली म्हणून पत्री पुन्हा वर, पुन्हा वीज, पुन्हा ओढ. तोच तो घूंऽऽ.

"म्हणजे जुन्या दारावरच्या घंटीसारखं," मी म्हटलं.

"तेच. आता यातली गोम अशी, की चारही पत्र्या सारख्या ताणाच्या हव्यात. एखादी जास्त ताठ असली तर तिला ओढायला वीज जास्त लागते, म्हणजे पॉइंट उशिरा सुटतात, म्हणजे ठिणगी उशिरा. मग एक सिलिंडर वेळेवर, दुसरं मागे, आणि गाडी चढावर धापा टाकते."

तर काकांच्या मित्रमंडळात एक उंच गृहस्थ आहेत, लाल सस्पेंडरवाले. (काकू कुणाचंच नाव घेत नाहीत, कपड्यांवरून ओळख.) त्यांचं म्हणणं, आपल्याला यंत्रबिंत्र लागत नाही. बॅटरी जोडायची, पत्रीवरचा नट पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि कानाने सूर जुळवायचा. काकांच्या चारही कॉइल्स त्यांनी अशाच लावून दिल्या होत्या. वर काकूंचा अर्धा डबा चकल्या संपवून गेले.

"गाडी आमची धापा टाकतच होती. पण हे बोलतील तर शपथ! चकल्या खाल्लेल्या माणसाला नावं कशी ठेवायची?"

मग शनिवारी तळ्याकाठचे आजोबा आले. त्यांच्याकडे हाताने फिरवायचं जुनं टेस्टर आहे, लोखंडी आणि इतकं जड की दोघांनी उचलून टेबलावर ठेवलं. त्यातही गाडीसारखीच चुंबकं. हँडल फिरवलं की पुढच्या गोल कड्यावर ठिणग्या उडतात, एका फेऱ्यात 16, सारख्या अंतरावर. शेजारी अ‍ॅम्पिअरचा काटा, तो 1.3 वर राहायला हवा. पहिली कॉइल लावली, ठीक. दुसरी लावली, तर कड्यावर एकेका ठिकाणी ठिणगीच्या मागोमाग दुसरी ठिणगी.

"डबल मारत होती," काकूंनी मला खडसावून सांगितलं, जणू मीच मारत होते. "तिसरीही तशीच. चौथीचा काटा दीडच्या पुढे. आणि तो लाल सस्पेंडरवाला तिथेच उभा! म्हणतो कसा, हवेत दमटपणा आहे."

मला खरी गंमत पुढची वाटली. त्या मंडळात पियानो शिकवणाऱ्या एक बाई आहेत, वडिलांची मॉडेल टी त्याच चालवतात. सुरात त्यांचा कान काय असेल! त्याच म्हणाल्या, चारही कॉइल्स एका सुरात वाजताहेत हे खरं, पण सूर सारखा म्हणून ठिणगी वेळेवर पडते असं नाही. आणि मग दोन बोटांत छोटा पाना धरून त्यांनी वरच्या पट्टीखालची बारीक स्प्रिंग नीट केली. पत्री खाली निघाली की वरचा पॉइंट किंचित तिच्याबरोबर जावा आणि मग झटकन सुटावा, ही त्या स्प्रिंगची कामगिरी. ती अडकली की पॉइंट रडतरखडत सुटतात आणि ठिणगी फुटकळ. पत्री दाबून धरली की पॉइंटमधली फट इंचाचा बत्तिसावा भाग, तीही मोजून. तासाभरात दुसरी आणि तिसरी वठणीवर.

या कानवाल्या लोकांची बाजू मी थोडी घेतली. वाटेत गाडी अडली तर टेस्टर कुठून आणणार? काकू म्हणाल्या, वाटेत नटाला हात लावायचाच नाही. इंजिन चालू ठेवून एकेक पत्री बोटाने दाबायची. जी दाबल्यावर इंजिनाला काही फरकच पडत नाही, ती आजारी. तिच्या जागी शिलकीतली घालायची आणि घरी यायचं. खुद्द फोर्डच्या पुस्तिकेतही, लावायची वेळ आलीच तर शक्यतो आमच्या सर्व्हिस स्टेशनकडूनच लावून घ्या, असं बजावलेलं असे. शंभर वर्षांत कुणी ऐकलेलं दिसत नाही.

"पण चौथी बधेना. तिचा कंडेन्सर गेलेला. जुना, मेणकागदाचा, बाई म्हणाल्या, हे सगळे आता गळके झालेत, सरसकट बदला. आता तो डांबरात गाडलेला, काढायचा कसा? आजोबा म्हणाले, गोठवा. थंडीने डांबर ठिसूळ होतं, टवके उडतात."

"आणि गोठवलं कुठे?"

"विचारतेस काय! माझ्या खोवलेल्या नारळाशेजारी."

मला हसू आवरेना. पण काकूंचा राग नारळापुरता नाही. सप्टेंबरमध्ये डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, आणि त्याच सुमारास आपला गणपती. दरवर्षी घरात तंटा. यंदा काकांनी तडजोड सुचवली आहे: आरती करून निघायचं.

"रविवारी मात्र एक झालं हं," काकूंचा आवाज जरा खाली आला. "चौथी कॉइल दुरुस्त करून बसवली, मी बाजूलाच बसले होते. यांनी किल्ली बॅटरीवर फिरवली, ती डावीकडची कांडी खाली ओढली, आणि हँडल न मारताच इंजिन सुरू! पिस्टन नेमका योग्य जागी थांबलेला असला तर होतं म्हणे असं. हे इतके खूश, मला म्हणाले, तुझा पायगुण."

"मग सवत आवडायला लागली म्हणायची."

"गप गं. तो लाल सस्पेंडरवालाही आता आपल्या कॉइली घेऊन येणार आहे, टेस्टरवर लावायला. कुणाला सांगू नका म्हणाला, म्हणून तुलाच सांगते. पाच-सहा तरी कंडेन्सर निघतील." काकूंनी कुंपणावर कोपर टेकलं. "तुमच्या बेसमेंटमध्ये तो मोठा डीप फ्रीझर आहे ना? खालच्या कप्प्यात जागा आहे का गं?"