वरणाची बादली

आमच्या नेरला पावतीबुक फिरायला लागलं की समजावं, कुठल्या तरी देवळात भागवत सप्ताह बसतो आहे. पावतीबुकवाले दिसले की मी लांबूनच खिशात हात घालतो. यात भक्ती थोडी, सुटका करून घेण्याची घाई जास्त. 101 रुपये हातावर टेकवले की वर्षभर कोणी आपल्याला शोधत येत नाही, असा माझा हिशेब.

यंदा तो चुकला. एक पोरगा म्हणाला, "काका, पैसे राहू द्या. काल्याच्या दिवशी पंगतीत वाढाले माणसं कमी पडतात. तुमीच या."

"अरे बाबू, वेळ कुठं हाये मले?" मी म्हणालो. पानठेल्यावर पाऊण तास उभा राहून म्हणालो. ठेलेवाल्याचा सुपारी कातरणारा हात थांबला. तो बोलला काहीच नाही, पण थांबला.

गेलो. वाट्याला वरणाची बादली आली आणि पंगतीतली उतरंड कळली. बुंदीवाल्याकडे सगळे प्रेमानं पाहतात, पोळीवाल्याला हाका येतात, वरणवाल्याला मात्र "आस्ते, आस्ते" एवढंच ऐकावं लागतं. कमरेत वाकायचं, डाव भरायचा, भाताच्या आळ्यात नेमकं वरण सोडायचं आणि बादली सावरत पुढं सरकायचं. तिसऱ्याच माणसाच्या धोतरावर मी सांडलं. त्यांनी वर पाहिलं, "नवे दिसता," म्हणाले आणि पत्रावळ जराशी माझ्याकडे सरकवली.

चौथ्या पंगतीला कंबर बोलायला लागली तेव्हा उमगलं, 101 रुपये फारच स्वस्त पडत होते. पैसा कोणाच्याही हाती पाठवता येतो. वेळ द्यायचा तर सोबत आपल्याला जावं लागतं.

खरं तर वऱ्हाडातल्या माणसाला हे इतक्या उशिरा कळायला नको होतं. शेंडगावचे गाडगेबाबा (1876-1956) गावात शिरले की आधी रस्ता झाडायला लागत. बघणारे लाजेकाजेनं खराटे घेऊन मागं येत आणि रात्री त्याच गावात कीर्तन रंगे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसाचं नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे आणि नेरच्या कॉलेजातल्या पोरांच्या पदवीवर छापून येतं. देणगी देऊन फार तर एखाद्या खोलीला नाव मिळतं! तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेतली आणि गावंच्या गावं प्रार्थनेला एकत्र बसवली. विनोबांनी 1951 साली भूदान सुरू केलं आणि जमीन नसलेलाही सुटू नये म्हणून पुढं श्रमदान, बुद्धिदानही मागितलं. माझ्यासारख्यांची पळवाट पवनारच्या या म्हाताऱ्यानं चालता चालता कधीच बुजवून ठेवली होती.

देवळामागं बाया पहाटेपासून पोळ्या लाटत होत्या. मांडवाच्या दारात एका पोरानं चार तास खपून रांगोळीत विठोबा काढला होता. काल्याची गर्दी उसळली आणि अर्ध्या तासात विठोबा सगळ्यांच्या तळपायांना लागून घरोघर गेला. मला हळहळ वाटली. पोरगा हात झटकत म्हणाला, "पुढच्या सालाले याच्याहून मोठा काढतो, काका."

पावतीबुकात रकाने दोनच, रोख आणि वस्तू. त्या पोळ्या आणि तो विठोबा कशात लिहायचे, हे काही मला सुचलं नाही. माझं वरण तर धोतरावर नोंदलेलं होतंच.

रात्री मोठी पातेली घासून पालथी घातली तेव्हा पावतीबुकवाला पोरगा जवळ आला. पुढच्या सप्त्याचं आत्ताच ठरवून टाकू म्हणाला. वरणाची बादली माझ्याकडे पक्की झाली आहे. बुंदी अजून देत नाहीत.