गूगलच्या पहिल्या पानावर कसे बसावे
(भंडारा जिल्ह्यातील चिन्नोर-विक्रेत्यांसाठी अधिकृत वाटावी अशी मार्गदर्शिका)

भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि लाखनीपासून लाखांदूरपर्यंत अनेकांना आपली वेबसाइट हवी असे वाटू लागले. वेबसाइटला नाव लागते. नाव जमले की बाकीचे गूगल बघून घेतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पक्की करणे हा या मार्गदर्शिकेचा हेतू आहे.

साहित्य : पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा एक भाचा (शाखा कोणतीही चालेल), कोरी वही, चहा. तांदूळ असल्यास उत्तम.

पायरी १. नावात सर्व काही कोंबा. ग्राहक जे जे शोधेल ते ते नावात हवे : भंडारा, चिन्नोर, सुगंधी, तांदूळ, स्वस्त, होलसेल, ऑनलाइन. रोमन लिपीत नावाच्या एका भागाला ६३ अक्षरांची मर्यादा आहे, ती पुरेपूर वापरावी. दोन शब्दांमध्ये आडवी रेघ चालते, सुरुवातीला आणि शेवटी चालत नाही. नाव तयार झाल्यावर ते तुमसर रोडवरच्या मालगाडीसारखे दिसले पाहिजे : डबा, कपलिंग, डबा, कपलिंग, आणि गार्ड कुठे आहे ते कळू नये.

काही विघ्नसंतोषी लोक सांगतील की गूगलने सप्टेंबर २०१२ मध्येच एक बदल करून, नाव हुबेहूब पण आत माल नाही अशा साइटी खाली ढकलल्या. ते असेही सांगतील की गूगलच्या स्वतःच्या प्राथमिक मार्गदर्शिकेत, नावातल्या अशा शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ परिणाम होत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. दुर्लक्ष करावे. गूगलला गूगलबद्दल काय माहीत?

पायरी २. जिल्ह्याचे नाव घालाच. ‘भंडारा’ या शब्दासाठी स्पर्धा किरकोळ आहे : जेजुरीच्या खंडोबाची हळद, देहूजवळचा तुकोबांचा डोंगर आणि देशभरातल्या देवळांतले महाप्रसाद. एवढ्यांना मागे टाकले की पुढे आपणच.

या तंत्राचा थोर आदर्श रेल्वेने घालून दिला आहे. वरठीतल्या स्टेशनला तिने ‘भंडारा रोड’ असे नाव दिले. नावात भंडारा आला, पण शहर जागचे हलले नाही. नवखा प्रवासी उतरतो, भंडारा शोधतो आणि ऑटोवाल्याच्या हवाली होतो. जवळपासचे दुकान दाखवताना गूगलही दुकान कुठे आहे, किती लोकांना ठाऊक आहे आणि विचारलेल्या गोष्टीशी त्याचा संबंध किती, हे बघतो. पाटीवरचे गाव वाचून तो फसत नाही. ऑटोवाल्याचा मात्र फायदा होतो.

पायरी ३. स्पेलिंग असे ठेवा की फोनवर सांगता येणार नाही. चिन्नोरमध्ये ‘एन’ एक की दोन, भंडाऱ्यात ‘ए’ किती, यावर घरात एकमत होऊ देऊ नये. मग ग्राहकाशी असा रसाळ संवाद घडतो :

‘सांगा जी, का नाव म्हनलं?’
‘भंडारा, मंग आडवी रेघ, मंग चिन्नोर.’
‘रेघ वरची का खालची?’
‘मधली जी.’
‘राहू द्या भाऊ, मी दुकानातच येतो.’

पायरी ४. शेपूट निवडा. डॉट कॉम जगाचे, डॉट इन भारताचे. डॉट इन २००५ पासून सर्वांना सहज मिळते, आणि साइट भारतीय ग्राहकांसाठी आहे हे गूगलला त्यावरून कळते. म्हणूनच ते फार सोपे आहे, टाळावे. डॉट जीओव्ही डॉट इन सर्वांत वजनदार, पण ते सरकारलाच मिळते आणि जिल्हा प्रशासनाने ते आधीच घेतले आहे. अभिमानी बंधूंसाठी २०१४ पासून देवनागरीतले डॉट भारतही आहे. पत्रिकेवर ते शोभून दिसते. यंत्र आतल्या आत त्याचे ‘एक्सएन’ने सुरू होणारे रोमन कोडे करून ठेवते, पण पाहुण्यांना ते सांगू नये.

सर्व शेपट्या घेऊन ठेवाव्यात. नाव विकत मिळत नाही, ते वर्षावर्षाच्या भाड्याने मिळते. पहिले वर्ष अनेकदा स्वस्त, पुढची महाग. नूतनीकरणाची आठवण भाच्याच्या जुन्या ईमेलवर येऊ द्यावी. मुदत टळली की ते नाव दुसऱ्या कुणाला घेता येते, आणि नवे नाव शोधण्याचा आनंद पुन्हा मिळतो.

पायरी ५. आत काहीही ठेवू नका. ‘काम सुरू आहे’ एवढी पाटी पुरे. खालील चुका कटाक्षाने टाळाव्यात :

– तांदूळ यंदाचा की मागच्या हंगामाचा, भरडाई कधीची, किलोचा भाव काय, हे लिहिणे. गूगल ते वाचतो.

– मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी आहे का, ते सांगणे. ग्राहकाचा विश्वास बसतो.

– दुकानाचा खरा फोटो, चालू फोन नंबर आणि वरठी स्टेशनवरून कसे यायचे ते देणे. लोक खरोखर येतात.

– लहान, उच्चारायला सोपे, आपल्या दुकानाचेच नाव घेणे. ते लक्षात राहते.

– आणि सर्वांत घातक : चांगला तांदूळ देणे. घरात भाताचा वास सुटला की शेजारीण विचारते, कुठून आणला? मग ती तुमच्या दुकानाचे नाव गूगलमध्ये टाकते आणि पहिले तुम्हीच दिसता. अशाने ६३ अक्षरांची सगळी मेहनत वाया जाते, आणि भाच्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.