सतरा सीटरमधली तालिकोट

हंपीला जाताना नगरची आणि सोलापूरची माणसं एका गाडीत बसवू नयेत. बसवलीच तर निदान गाइडला आधी कल्पना द्यावी. आमच्या टूर मॅनेजरने यातलं काहीच केलं नाही. पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली तेव्हा नगरचे काका-काकू ड्रायव्हरच्या मागची सीट धरून बसले होते. सोलापूरच्या वहिनी सोलापुरात चढल्या, त्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊनच. विजापूर मागे पडेपर्यंत चटणी संपली होती आणि गाडीत सगळे एकमेकांचे नातेवाईक झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरूपाक्षाच्या गोपुराखाली गाइडने सुरुवात केली. १३३६ मध्ये विजयनगरच्या राज्याची स्थापना, १५०९ ते १५२९ कृष्णदेवराय, रस्त्यावर हिऱ्या-मोत्यांचा बाजार. इथवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग तो १५६५ वर आला. तालिकोटची लढाई. दख्खनचे सुलतान एक झाले, विजयनगरचा कर्ताधर्ता रामराया पकडला गेला आणि त्याचं शीर उडवायला लावलं ते अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने.

सगळा ग्रुप वळून काकांकडे बघायला लागला. काका पाण्याची बाटली उघडत होते, ती त्यांनी न पिताच बंद केली.

त्यानंतर हंपीत जे जे फुटलेलं दिसलं ते काकांच्या खात्यावर जमा होत गेलं. नाक नसलेला द्वारपाल दिसला, ‘काका, हे पण?’ जळकं जोतं दिसलं, ‘काका, काय हो हे?’ काकूंनी तर पक्षच बदलला. म्हणाल्या, ‘यांच्या हाताला गुण पहिल्यापासूनच आहे, आमचा मिक्सर यांनीच पाडला.’ लक्ष्मी-नृसिंहापाशी मात्र थट्टा थांबली. १५२८ मधली, जवळजवळ सात मीटर उंचीची, एकाच शिळेतली मूर्ती. मांडीवरची लक्ष्मी गेलीय. तिचा एक हात तेवढा देवाच्या पाठीवर राहिलाय. तो वहिनींनी शोधून दाखवला आणि काकांकडे असं पाहिलं की त्यांनी टोपीच काढली.

पण माणूस किती वेळ ऐकून घेणार? गजशाळेपाशी काका पेटले. ‘वहिनी, एक विचारतो. ही युती जमली कशी? आमच्या हुसेनशाहाने मुलगी, चांदबिबी, विजापूरच्या आदिलशहाला दिली. आणि हुंड्यात काय दिलं? सोलापूर! लढाईचा विसार म्हणजे तुम्ही!’

वहिनी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘देताना आम्हाला विचारलं होतं का कुणी?’

आता काकांना चढच आला. त्याआधी हाच रामराया हाच आदिलशहा बरोबर घेऊन नगरवर चालून आला होता, हे त्यांनी सर्वांना ऐकवलं. म्हणजे खरा गडबड्या कोण? आदिलशहा! गाडीत विजापूरकडचा माणूस एकच, ड्रायव्हर. तो चिंचेखाली डुलकी काढत होता. त्याला उठवून आदिलशहाने दोन्हीकडून का खाल्लं याचा जाब विचारण्यात आला. डोळे चोळत तो म्हणाला, ‘साहेब, मी फक्त गाडी चालवतो.’ मला वाटतं, तालिकोटबद्दल इतकं समंजस मत अजून कुठल्या इतिहासकारानेही दिलेलं नाही.

या गदारोळात गजशाळेकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ओळीने अकरा दालनं, प्रत्येकावर घुमट, आणि घुमटांची घडण थेट सुलतानी. म्हणजे दुष्मनाशी लढाई चालू, पण गवंडीकाम त्याच्याच पद्धतीचं पसंत. मॅनेजरने याला दहा मिनिटं दिली होती आणि शहाळ्यांना वीस. तक्रार कुणाचीच नव्हती. उन्हात तापलेल्या दगडांपुढे अकरा वाजेपर्यंत प्रत्येकजण अभ्यासक असतो, त्यानंतर शहाळेवाला हाच प्रेक्षणीय.

दुपारी बॅटरीच्या गाडीतून विठ्ठल मंदिर गाठलं. दगडी रथासमोर पन्नासची नोट धरून फोटो काढायची पद्धत आहे, कारण नोटेवर हाच रथ आहे. पण सगळे यूपीआयवाले, नोट निघाली ती फक्त ग्रुपमधल्या एका मावशींच्या कमरेच्या पिशवीतून, चार घड्यांची. ती हातोहात फिरली. रथ ओढायला पुढे दोन हत्ती आहेत, पण मागे वाकून पाहिलं तर मूळच्या घोड्यांचे पाय आणि शेपट्या अजून दिसतात. हत्ती नंतर आणून बसवलेले. मावशींचं लक्ष रथाकडे नव्हतं, नोट परत येते का याकडे होतं. ती मिळाल्यावरच त्या गाभाऱ्याकडे वळल्या.

गाभारा रिकामा. मावशी दर आषाढीच्या वारकरी, त्यांना हे ठाऊकच होतं. त्यांनी गाइडला सांगितलं, ‘कृष्णदेवरायाने आमचा विठोबा इथे आणला. नाथांचे पणजोबा भानुदास, त्यांनी तो पंढरपूरला परत नेला.’

गाइड हसला. ‘अम्मा, ये तो हम भी सुनते आए हैं. वापस कब भेज रहे हो?’

मावशींनी नोट पिशवीत टाकून नाडी आवळली. ‘आषाढीला या,’ त्या म्हणाल्या. ‘रांगेत उभे राहा. नंबर लागला तर त्यालाच विचारा.’