बेण्याला डीओआय असतो का?

गडमुडशिंगीत आमच्या गल्लीत एक सर राहतात. त्यांच्या शोधनिबंधांचा आजवर सात ठिकाणी उल्लेख झालाय. त्यांतले चार उल्लेख त्यांनी स्वतःच केलेत, दोन त्यांच्या विद्यार्थ्यांनी. सातवा कोण, याचा शोध चालू आहे.

कुठली नियतकालिकं घ्यावीत हे ग्रंथपालांना ठरवता यावं, यासाठी यूजीन गारफील्ड यांचा इम्पॅक्ट फॅक्टर कामी यायचा. नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे यंदा सरासरी किती उल्लेख झाले, एवढाच तो हिशेब. आपण त्यावर माणसांच्या बढत्या ठरवू लागलो. तराजू मार्केट यार्डातला आणि वर बसवला जावई! मग उल्लेख पिकवणं आलं, पैसे घेऊन छापणारी दुकानं आली. 2018 च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वतःच्याच मान्य यादीतून 4305 नियतकालिकं काढून टाकली. पुढे ‘केअर’ यादी आली. 2025 मध्ये तीही गुंडाळली. आता ज्याचं त्यानं जोखायचं.

तेवढ्यात सरांना ‘अल्टमेट्रिक्स’ सापडलं. 2010 मध्ये काही संशोधकांनी जाहीरनामाच काढला होता, की उल्लेखांच्या पलीकडे बघा. समाजमाध्यमांवर, ब्लॉगांवर लेखाची चर्चा किती होते तेही मोजा. आता तर गुणांच्या आकड्याभोवती रंगीत कडबोळंही मिळतं. सरांनी रातोरात निबंध ‘जोतिबा यात्रा नियोजन’ या ग्रुपवर टाकला. मावशींनी हात जोडले, एका भाच्याने ‘अभिनंदन मामा’ लिहिलं. व्हॉट्सअ‍ॅप त्या हिशेबात धरत नाहीत हे कळलं, तेव्हा सर दोन दिवस जेवले नाहीत. (अख्खा करवीर तालुका जिथे बोलतो, नेमकी तीच जागा वगळलेली!)

तिसऱ्या दिवशी ते ऊस लावणाऱ्या आबांच्या बांधावर गेले. रानात दोनशे पासष्ट उभा होता. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने काढलेला, कागदोपत्री ‘को एम 0265’.

“आबा, याच्यावरचा निबंध वाचलाय का?”

“वाचून काय करू? बेणं लावलंय की.”

“मग पुढं कुणाला सांगितलंत?”

“शेजाऱ्यानं मागितलं, दिलं. त्यानं सांगवड्याला मेव्हण्याला दिलं. मेव्हण्यानं कुणाला दिलं, ते त्यालाच इचारा.”

सरांचे डोळे चमकले. “पण याची नोंद कुठं? निबंधाला असतो तसा डीओआय, कायमचा ओळख-क्रमांक?”

“नोंद कारखान्याच्या काट्यावर हुती, सर. टनात.”

सरांनी त्याच रात्री नवा निबंध लिहायला घेतला: ‘ऊस बेण्याच्या देवघेवीतून संशोधन-प्रभावाचे मापन’. निबंध इंग्रजीत आहे. छपाईचं शुल्क डॉलरमध्ये भरून झालंय. आबा तळटीपेत आहेत, ‘एक स्थानिक शेतकरी’ म्हणून.