अ‍ॅब्स्क्वॉच्युलेट-मीमांसा

'अ‍ॅब्स्क्वॉच्युलेट' हे क्रियापद एका दमात म्हणता येत नाही, आणि ज्याला ते लागू पडते त्याला दम खायला सवड नसते. शास्त्रापुढचा पहिला पेच हाच.

पळून जाणे, तेही देणी मागे ठेवून आणि जमल्यास दुसऱ्याचे पैसे बरोबर घेऊन, हा याचा रूढ अर्थ. जन्म अमेरिकेतला, 1830 च्या सुमाराचा. त्या काळी तिकडे लॅटिनचा गंध नसलेल्यांनीही लॅटिन थाटाचे शब्द पाडण्याचा सपाटा लावला होता. आधी व्युत्पत्ती पाहू. 'अ‍ॅब' म्हणजे दूर. हा उपसर्ग अस्सल लॅटिन. शेपूट 'पेरॅम्ब्युलेट'सारख्या कुलीन शब्दांचे. मधला 'स्क्वॉट' मात्र निव्वळ रांगडा : उकिडवे बसणे. दोन्ही बाजूंना सोवळे नेसलेले भटजी आणि मधे विडी ओढत बसलेला गडी, अशी ही पंगत आहे.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो : उकिडवा बसलेला मनुष्य पळेल कसा? आधी त्याला उठावे लागेल, आणि चाळिशीनंतर तेवढ्यात सावकार येऊन पोचतो. याचे उत्तर असे की, दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर विनापरवाना ठाण मांडणाऱ्यालाही अमेरिकेत 'स्क्वॉटर' म्हणत. त्यांचे प्रस्थ इतके, की 1841 च्या कायद्याने अशांना 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन एकरी किमान सव्वा डॉलर भावाने घ्यायची मुभा दिली. तेव्हा 'स्क्वॉट' म्हणजे ठाण मांडणे. 'अ‍ॅब' लागला की ठाण उठते. आपल्याकडेही गाशा गुंडाळण्यापूर्वी तो कुठेतरी पसरलेला असावाच लागतो.

आता लक्षण. नुसता घाईने गेलेला मनुष्य या क्रियापदाला पात्र नाही. मागे कोणीतरी हात चोळत बसलेले हवे. 1837 च्या मंदीत कित्येक कर्जबाजारी दारावर खडूने 'जी. टी. टी.' लिहून नाहीसे झाले. 'टेक्सासला गेलो' असा त्याचा अर्थ. टेक्सास 1836 ते 1845 स्वतंत्र प्रजासत्ताक होते, त्यामुळे मागून निघालेला धनको सरहद्दीवर थबके. मात्र जाताना पत्ता ठेवणे हा या विद्येतला दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निर्दोष उदाहरण सॅम्युअल स्वॉर्टवाउटचे. हा न्यूयॉर्क बंदराचा जकातप्रमुख 1838 मध्ये युरोपला रवाना झाला आणि मागाहून हिशेबात 12 लाख डॉलरांहून अधिक तूट निघाली. लोकांनी त्याच्या आडनावाचेच क्रियापद केले. एवढा मान पाणिनीच्याही वाट्याला आला नाही.

असा भारदस्त शब्द मागे का पडला? त्याच पिढीतला 'ओके' हा 23 मार्च 1839 रोजी बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात चुकीच्या स्पेलिंगचा विनोद म्हणून छापून आला आणि आज जगभर नांदतो आहे. 'डिसकॉम्बॉब्युलेट' म्हणजे गोंधळवून टाकणे, हे भावंडही टिकले. मिलवॉकीच्या विमानतळावर झडतीनंतर पट्टा-बूट पुन्हा चढवण्याच्या जागेला त्याचाच उलटा शब्द पाटीवर मिळाला आहे. आमच्या शब्दाचा घात केला तो 1861 च्या यादवीने. त्या युद्धात 'स्किडॅडल' हे पळण्याचे नवे क्रियापद बोकाळले. रणांगणातून पाय काढणाऱ्याला लॅटिन परवडत नाही.

मराठीत याला जवळचा शब्द 'पोबारा'. मुळात हे फाशांचे दान. हिंदीत 'पौ बारह' झाले की नशीब उघडते. मराठीत पोबारा केला की मनुष्य दिसेनासा होतो. दान पडल्याबरोबर उठावे, हा व्यवहार आपल्या पूर्वजांनी एका शब्दात बसवला. 'सटकणे' मला हलके वाटते, त्यात कर्जाचा वास नाही. 'परागंदा' फारच रडवेला. 'पोबारा'त मात्र पळणाऱ्याची ऐट शाबूत राहते, आणि ऐटीशिवाय अ‍ॅब्स्क्वॉच्युलेशन संभवत नाही.

या शब्दाच्या उच्चाराबद्दल एक टीप द्यायची होती. पण माझ्या इंग्रजी कोशाचा पहिला खंड एका स्नेह्याने दोन दिवसांसाठी म्हणून नेला आणि पुढच्याच महिन्यात बिऱ्हाड बदलले. दारावर खडूने काहीही लिहिलेले नव्हते. हे वाचनात आल्यास त्यांनी खंड परत करावा. उरलेले खंड न्यायलाही माझी हरकत नाही.