चित्रकलेचा तास निर्विघ्न पार पाडण्याची रीत

प्राथमिक शाळेतला चित्रकलेचा तास जोखमीचा असतो. गणिताचं उत्तर एकच असतं; चित्राचं उत्तर पोराने काय पाहिलं त्यावर ठरतं, आणि ते तपासायचं तर गुरुजींनाही तिकडे पाहावं लागतं. ही आपत्ती टळावी म्हणून आपल्याकडे एक रामबाण चित्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर झोपडी आणि नारळ, आकाशात आडव्या पाडलेल्या तीनच्या आकड्याचे पक्षी. पोरांनी ते उतरवावं, गुरुजींनी लाल शाईने ‘छान’ लिहावं. तास संपतो, गडबड होत नाही.

सालेकसा तालुक्यातल्या दरेकसासारख्या गावी मात्र ही रीत जास्तच कडकपणे पाळायला हवी, कारण तिथे डोंगर खरेच आहेत आणि ते त्रिकोणी नाहीत. मुंबई–हावडा मार्गावरची गाडी तिथे बोगद्यातून जाते. जवळच हाजरा धबधबा आहे. पलीकडे कचारगडची गुहा, जिथे माघ पौर्णिमेला गोंड भाविकांची मोठी यात्रा भरते. उद्या एखादीने डोंगराला काळं भोक पाडून त्यातून इंजिन बाहेर काढलं, तर काय शेरा द्याल? चूक म्हणता येत नाही, आणि बरोबर म्हणावं तर फळ्यावरचा डोंगर खोटा पडतो. तेव्हा आधी खिडक्या लावून घ्याव्यात. मग नारळाचा आग्रह धरावा. मोह, तेंदू, पळस ही झाडं पोरांच्या रोजच्या पायाखालची. त्यांची पानं चुकली तर पोरंच गुरुजींची चूक काढतील. नारळाच्या बाबतीत दोन्ही पक्ष सारखेच अनभिज्ञ, म्हणून शांतता राहते.

साहित्याचंही असंच. ‘शाळेत रंग नाहीत’ ही सबब मोलाची आहे, ती जपावी. फाल्गुनात पळसाची फुलं पाण्यात उकळली की पिवळा-केशरी रंग मिळतो, चुलीतला कोळसा काळा देतो, गेरू तांबडा, आणि या धानाच्या मुलखात पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ घरोघरी असतं. ही माहिती वर्गात फुटली तर सबब कायमची गेली.

यावर आक्षेप येतील. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचं असावं असं म्हटलं आहे, असं कोणी दाखवून देईल. त्याला वेळापत्रक दाखवावं. तास तिथे आहेच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अर्धवेळ निदेशक दिला, असं दुसरा म्हणेल. दिला खरा, पण सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. म्हणजे पहिली ते पाचवीच्या पोरांना कला वर्गशिक्षकानेच शिकवायची, मग त्याला चित्र येवो न येवो. अशा माणसाच्या हातात त्रिकोण हेच सुरक्षित हत्यार आहे.

तिसरा आक्षेप तेवढा अडचणीचा. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम मातीच्या भिंती रंगवता रंगवता भोपाळच्या भारत भवनात पोहोचला आणि १९८९ साली त्याची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. झाडं, प्राणी, देव, सगळं त्याच्याच मुलखातलं. यावर उत्तर एवढंच, की त्याची शाळा लहानपणीच सुटली होती, म्हणून फळ्यावरचा डोंगर त्याच्या वाट्याला आला नाही. हे उत्तर आपल्याच बाजूच्या मुळावर येतं हे खरं. ते चारचौघांत देऊ नये.

एवढं वाचूनही एखाद्या शिक्षकाला खिडकी उघडायचीच असेल, तर त्याने खुशाल उघडावी. मुलांना डोंगर, बोगदा, मोहाचं झाड नीट पाहायला सांगावं आणि फळा कोरा ठेवावा. मात्र मग वर्गातली सगळी चित्रं वेगवेगळी निघतील, सगळ्यांवर एकच ‘छान’ चालणार नाही, आणि प्रत्येक चित्र बसून पाहावं लागेल. त्या कामाचाच पगार मिळतो.