शांततेचं बुकिंग : एक शास्त्रोक्त पद्धत

चैत्र लागला की मराठी माणसाला शांततेची तहान लागते. ती एकट्याला लागत नाही. आत्या, मामा, दोन चुलतभाऊ, त्यांची बायकापोरं आणि 'तुम्ही जाताय तर आम्हीही येतो' म्हणणारे शेजारी अशा सगळ्यांना मिळून लागते. म्हणून गर्दीपासून दूर, निसर्गरम्य, निवांत ठिकाण निवडायचं तर पहिली पायरी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढणे. ग्रुपचं नाव 'निवांत' ठेवावं. संध्याकाळपर्यंत त्यात पावणेदोनशे मेसेज पडतील. घाबरू नये.

मग प्रत्येकाच्या अटी लिहून घ्याव्यात. मोबाइलला रेंज हवी, खोलीत एसी हवा, पोरांना स्विमिंग पूल हवा. आत्यांना जवळपास देऊळ हवं. मामांना ताजी मासळी हवी आणि आत्यांना त्याच स्वयंपाकघरात मासळी शिजलेली चालणार नाही. गाडी थेट खोलीच्या दारापर्यंत जायला हवी. बाकी जागा मात्र अगदी जंगलातलीच हवी! या अटींच्या चाळणीतून महाराष्ट्राचा नकाशा गाळला की खाली महाबळेश्वर पडतं. ते पहिल्या मिनिटालाच सगळ्यांना ठाऊक होतं, पण रीतसर चर्चा होऊन ठरलं याचं समाधान काही वेगळंच.

महाबळेश्वरला नाक मुरडू नये. आपल्या शांतता-संशोधनाचं ते आद्यपीठ आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना १८२८-२९च्या सुमारास इथली झाडी आणि थंड हवा फार भावली. मग साहेबाने काय करावं? पेठ वसवली. तिला त्याचंच नाव मिळालं, माल्कम पेठ. डोंगरावर निवांतपणा सापडला रे सापडला की तिथे बाजार मांडायचा, ही प्रथा अशी दोनशे वर्षांच्या घरातली आहे. चणे, चिक्की आणि स्ट्रॉबेरी-क्रीम ही त्यापुढची प्रगती.

इथे अभ्यासकांनी पॉइंटचा नियम ध्यानात ठेवावा. ज्या कड्याच्या नावापुढे 'पॉइंट' लागला, तिथे आधी रेलिंग येतं, मग भाजलेलं कणीस, मग घोडा आणि शेवटी आपण. विल्सन पॉइंट १,४३८ मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरातलं सगळ्यात उंच ठिकाण. मे महिन्यातल्या रविवारी पहाटे तिथे उभं राहिलं की पुढच्या माणसाच्या वर धरलेल्या मोबाइलमध्ये सूर्योदय अगदी स्पष्ट दिसतो.

ज्यांना गाड्यांचा वैताग आहे त्यांनी माथेरानला जावं. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा रिक्षात. इंजिनाचा आवाज नाही, हॉर्न नाही. त्यामुळे आपण बरोबर आणलेला ब्लूटूथ स्पीकर फारच स्वच्छ ऐकू येतो. अंजनीचं झाड मात्र पाहायचं राहून जातं. ऐन उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके असे लगडतात की कुणी हाताने चिकटवलेत असं वाटावं. त्याच्याखाली बसून मंडळी 'इथे बघण्यासारखं काय काय आहे' हे मोबाइलवर शोधत असतात.

फारच शुद्ध निसर्ग हवा असेल तर समुद्राकडे वळावं. मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. नाना फडणविसांचं मूळ गाव ते हेच. हल्ली मात्र त्याची ख्याती कासवांमुळे आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, खड्डा उकरून अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. परत बघायलासुद्धा येत नाही. सुट्टीवर गेल्यावर घराची काळजी न करणारी आई अख्ख्या कोकणपट्टीत एवढीच. ती अंडी गावातले कासवमित्र जपून कुंपणाच्या आत, नव्या खड्ड्यात ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलून पाहायची आणि असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडायची, असा रिवाज.

त्या 'असतील तर'मध्ये सगळी गंमत आहे. किनाऱ्यावर दोरीमागे माणसं ताटकळत उभी असतात. कासवमित्र टोपली उचलतो. वाळू नुसती सपाट. 'आम्ही पुण्याहून आलोय हो,' असं कुणीतरी म्हणतंच. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वाळूत आधी काळपट नाक दिसतं, मग पोहायचा सराव करत असल्यासारखे वल्हवणारे दोन पाय. तळहाताहून लहान जीव. चार पावलं जातो, थांबतो, लाट येते आणि त्याला उलटा मागे टाकते. तो पुन्हा निघतो. एवढा वेळ दोरीमागे कुणी बोलत नाही. हा प्रकार शांततेच्या अगदी जवळ जाणारा आहे, पण त्याचं आगाऊ बुकिंग होत नाही, आणि पिल्लू आलं नाही म्हणून होमस्टेवाल्या काकूंकडे पैसे परत मागू नयेत. त्यांनी मोदक केलेले असतात, ते खावेत.

विदर्भाकडच्यांनी ताडोबाला जावं, वाघ दिसेपर्यंत 'जंगलात काहीच नाही' म्हणावं, आणि दिसला की पुढची जिप्सी आडवी आली म्हणून भांडावं. तोवर मोहाची फुलं टपटप पडून जमिनीवर सडा झालेला असतो, पण त्याला पट्टे नसल्यामुळे तो हिशेबात धरला जात नाही.

आता जरा आतली गोष्ट. निवांत ठिकाण शोधायला ठिकाण लागतच नाही, वेळ लागते. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखातला असला, तरी पळसाला हे कुणी कळवलेलं नाही. तो फाल्गुनातच पेटतो. पांगारा, काटेसावर त्याच सुमाराला. कुसुंबाची कोवळी लाल पालवीही मार्चमधलीच. तेव्हा पोरांची परीक्षा असते, म्हणून सगळे रिसॉर्ट ओस. सह्याद्रीच्या कुठल्याही आडगावात, एखाद्या मंगळवारी, पानं झडलेल्या काटेसावरीखाली तासभर बसावं. प्रवेश फी नाही, पॉइंट नाही. वर लाल फुलांत बुलबुल, कोतवाल, खारी आणि मध्य आशियाकडे परतण्याआधी पोट भरून घेणाऱ्या पळसमैना असा गोंगाट चाललेला असतो की विचारू नका.

इथेच पुष्कळांचा विरस होतो. शांत म्हणून निवडलेलं रान वसंतात भलतंच बोलकं असतं. विणीचा हंगाम. भर दुपारी तांबट पक्षी टुक् टुक् करत राहतो, तासन् तास, एकाच लयीत. रात्री रातकिडे. आणि पहाटे चारपासून कोकीळ. आपल्याला रानाची शांतता हवी असते ती रानाने गप्प बसून दिलेली. तशी कुठल्याही जंगलात मिळत नाही, आणि मिळाली तर तिथे काहीतरी बिघडलंय असं खुशाल समजावं.

तेव्हा जाताना स्पीकर घरी ठेवा, वाटेत करवंदं विकणाऱ्या आजीबाईंशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, आणि वाळक्या पाचोळ्यात सिगारेट टाकू नका. वणवे असेच लागतात. कोकिळेमुळे झोपमोड झाली म्हणून व्यवस्थापकाच्या तक्रारवहीत तिचं नाव लिहून उपयोग नाही. ओरडतो तो नर असतो. मादी त्या वेळी अंडी ठेवायला कावळ्याचं घरटं बघत असते. होमस्टेची कल्पना मुळात तिचीच, आणि तिने आजवर एका कावळ्यालाही भाडं दिलेलं नाही.